पलीकडचं हवामान

मी छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरतात ती नाही. गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसवतात ती. डिश म्हणा, अँटेना म्हणा, काहीही म्हणा. लोकांनी मला याहून वाईट नावं ठेवलेली आहेत. सध्या मी एका वेल्डिंगच्या दुकानामागे उपडी पडलेय, काठ दुमडलाय, आणि भंगारवाला आज-उद्या येणार असं कानावर आलंय. तेव्हा जाण्याआधी बोलून घेते. गोड बोलणार नाही. गोड बोलावं असं माझ्याशी फार कुणी वागलेलं नाही.

कारखान्यात पत्र्यांच्या थप्पीतून मला ओढलं आणि यंत्राने एका दणक्यात माझं पोट खोलगट केलं. मग पांढरा रंग, मग पाठीला लोखंडी बाक, समोर तीन काड्यांवर एक टोपडं. आभाळातून येईल ते माझ्या पोटात गोळा व्हायचं आणि त्या टोपड्यात शिरून वायरीने खाली जायचं. माझं काम एवढंच. मी घेते. उलट एक अक्षर पाठवायची सोय माझ्यात नाही. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे शहाण्यासुरत्या माणसांनाही हे कळलं नाही.

दुकानदाराने मला फुटपाथवर भिंतीला टेकवून उभी केली. कुत्री यायची, काम उरकून जायची. गिऱ्हाईक यायचं, मला बघून हसायचं. "एवढी थोरली कुठे ठेवू? घरात मी राहू का ही?" सगळ्यांना लहान, सुबक छत्र्या हव्या असायच्या. माझ्या अंगावर धूळ बसली आणि माझा स्वभाव तिथेच बिघडला असावा.

एके दिवशी एक वेल्डर आला. त्याने मला दुरून पाहिलं नाही. जवळ येऊन बोटाच्या पेराने वाजवलं, काठावरून अंगठा फिरवला. त्याला पत्रा कळत होता. दुकानदाराला त्याने एकच प्रश्न विचारला.

"हिच्यावर पलीकडचं चॅनल दिसेल?"

"पलीकडचं म्हणजे सीमेपलीकडचं? त्यांचं?" दुकानदाराने भुवया चढवल्या. "कशाला हवंय ते?"

"बायकोला."

याहून जास्त तो बोलला नाही. तो मुळातच कमी बोलणारा.

चार मजली इमारत, वरच्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यावर गच्ची. त्याने स्वतः लोखंडी स्टँड केला आणि जिथे नुसते बोल्ट चालले असते तिथेही वेल्डिंगचे डाग मारून मला कायमची पक्की केली. मग दुकानातून आलेला माणूस मला बोटभर इकडे, बोटभर तिकडे वळवू लागला. वेल्डर कठड्यावरून खाली वाकून ओरडत होता, आणि खिडकीतून बायको उत्तर देत होती.

"आलं का?"

"मुंग्या आहेत नुसत्या!"

"आता?"

"अजून मुंग्या!"

"आता?"

खालून उत्तर आलं नाही. त्याने दोनदा हाक मारली, मग जिन्यावरून धावत खाली गेला. खिडकीतून आवाज आला तो टीव्हीवरच्या माणसाचा. कुठल्याशा नदीचं पाणी किती वाढलंय ते तो सांगत होता, तिच्या भाषेत. ती हुंदके देत होती, आणि नवरा म्हणत होता, "अगं, नदीचं तर सांगतोय. रडतेस काय!"

वेल्डर तरुणपणी सीमेपलीकडे एका पुलाच्या कामावर गेला होता. तिथेच दोघांचं जमलं. तिच्या वडिलांनी सांगितलं, त्याच्याबरोबर गेलीस तर तू आम्हाला मेलीस. ती गेली. तेव्हापासून घरच्या कुणाचा आवाज तिने ऐकला नव्हता. इथे ती लोकांचे कपडे शिवून द्यायची. हात सफाईदार, म्हणून गिऱ्हाईक भरपूर. पण इमारतीत तिचं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला 'पलीकडची' म्हणायचे. तोंडावर 'वहिनी', पाठ फिरली की 'पलीकडची'. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायकांकडून मी दोन्ही ऐकत असे.

सुरुवातीला ती मिळेल ते बघायची. ट्रॅक्टरचं प्रदर्शन, साबणाच्या जाहिराती, लहान मुलांची गाणी. एका संध्याकाळी बातम्या संपल्या आणि हवामान सांगायला एक तरुण बाई आली. हातात लांब काठी, मागे नकाशा. खाली शिलाई मशीन चालू होती, ती एकदम थांबली.

"अहो! इकडे या! लवकर या!"

"काय झालं? बोटात सुई गेली का?"

"ही माझी धाकटी. ही... हिला मी न्हाऊमाखू घालायचे."

त्या दिवसापासून संध्याकाळी सातला त्या घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घ्यायचा नाही. बहीण पाच मिनिटं दिसायची. वारा, पाऊस, ऊन सांगायची आणि जायची. ही बाई तिच्याशी बोलत बसायची. "केस कापले मेलीने. शोभत नाहीत." "आज डोळे सुजलेत. कुणाशी भांडलीस?" धाकटीचं पोट दिसू लागलं, मग ती कित्येक महिने गायब झाली, मग परत आली तेव्हा अंगाने भरली होती. "मुलगी झाली असणार," हिने स्वतःच ठरवून टाकलं आणि नवऱ्याला खुशाल सांगितलं, "आपल्याला भाची झाली." एकदा धाकटी करड्या कपड्यात आली, आवाज बसलेला. ही रात्रभर तळमळली, की घरी काय झालं असेल. कुणाला विचारणार? मी दाखवत होते ते एवढंच. त्याबद्दल मला दोष द्यायचा तर खुशाल द्या.

आता केबलवाल्याविषयी सांगते. त्याच्या नावानेच माझ्या पत्र्याला गंज चढतो. त्या भागातल्या सगळ्या घरांत त्याच्याच वायरी. आमच्याच गच्चीवर त्याचा खांब, खांबावर डबे, आणि डब्यांतून चारी बाजूंना लोंबणारं जाळं. मी आले त्या दिवसापासून तो माझ्याकडे सवतीसारखा बघायचा. त्यातच फुटबॉलचे मोठे सामने आले. त्याच्या केबलवर ते नव्हते. पलीकडच्या चॅनलवर होते. मग काय, सगळी इमारत आमच्या दोन खोल्यांत. जमिनीवर बसायला जागा नाही. एकुलत्या एका खुर्चीत इमारतीचे सेक्रेटरी. ती सगळ्यांना चहा पुरवत होती. तेव्हा मी कोण होते माहीत आहे? 'आपली छत्री'. सेक्रेटरींनी स्वतः गच्चीवर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली होती.

मग सीमेवर काहीतरी झालं. नेमकं काय, मला विचारू नका. पलीकडचं चॅनल एक सांगत होतं, केबलवर दुसरं. पण गच्चीवर येणाऱ्या बायकांचं बोलणं बदललं. एक म्हणाली, "हिच्या घरी रोज त्यांच्या बातम्या लागतात." दुसरी म्हणाली, "आणि ही ऐकते!" जणू कान बंद ठेवून टीव्ही बघायचा असतो. केबलवाल्याला हेच हवं होतं. तो जिन्यात उभा राहून सांगू लागला, की एवढी मोठी छत्री काय नुसती बघायला असते? हिच्यातून निरोप जातात.

निरोप! मघाशी सांगितलं ते आठवतंय ना? कुणी मला विचारलं नाही, कुणी त्या दुकानदाराला विचारलं नाही. ज्याच्या स्वतःच्या खांबावर पन्नास डबे टांगलेत त्याचं मात्र सगळ्यांना पटलं.

सेक्रेटरी घरी आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"हे बघा, लोक बोलतायत."

"कोण लोक?" वेल्डरने विचारलं.

"लोक म्हणजे... लोक. ती छत्री तेवढी उतरवा."

"साहेब, याच खुर्चीत बसून तुम्ही फायनल पाहिलीत."

"तो खेळ होता. आणि असं लावून धरू नका, मी चांगल्या शब्दांत सांगतोय."

छत्री उतरली नाही. मग चांगले शब्द संपले. कुणी माझ्या पोटात भाजीचा कचरा आणून ओतला. कुणी टोपड्यावर ओली चादर टाकली, सातच्या बरोबर आधी, म्हणजे खाली पुन्हा मुंग्या. कुणी डांबराने माझ्या पाठीवर एक शब्द लिहिला. तो मी उच्चारणार नाही. बायका आपापली कापडं परत न्यायला आल्या, काही तर अर्धवट शिवलेली. एकीने बाही लावायचीही वाट पाहिली नाही. फक्त फाटकाजवळच्या पत्र्याच्या टपरीतला इस्त्रीवाला पूर्वीसारखाच होता. बटण तुटलेला शर्ट आला की तो तिच्याकडे पाठवायचा. त्याला राजकारणापेक्षा बटणाची काळजी जास्त.

अशात एका संध्याकाळी धाकटीने नकाशावर काठी ठेवली आणि ती नेहमीपेक्षा सावकाश फिरवली. उद्या दुपारनंतर मोठं वादळ, सीमा ओलांडून तिकडेही जाणार, घराबाहेरच्या वस्तू बांधून ठेवा. केबलवर त्याच वेळी सांगत होते की हलक्या सरी पडतील.

सकाळी ती वर आली. हातात दोर आणि नवऱ्याच्या दुकानातली साखळी. तिने मला कठड्याला बांधायला सुरुवात केली. गच्चीवर ऊन छान होतं, लोकांनी गाद्या आणि उशा वाळत टाकल्या होत्या. सेक्रेटरींची बायको उशी झटकत म्हणाली, "एवढं काय बांधतेस? पळून जाणार आहे का ती?"

"जाईल," ती म्हणाली. तेवढंच.

थोड्या वेळाने नवरा डबा न्यायला विसरला म्हणून परत आला आणि वर डोकावला. त्याने साखळी पाहिली, आणि चहूकडे पसरलेल्या गाद्या पाहिल्या.

"यांना सांगितलंस?"

"नाही."

"अगं, सांग ना."

"पलीकडचं काही नको ना यांना? मग ही बातमीही पलीकडचीच आहे."

त्याने डबा काखेत मारला. मग दुकानात निघून गेला. त्यानेही कुणाला सांगितलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळं तिच्या एकटीच्या माथी मारलं गेलं.

मला काय वाटलं विचाराल तर मला आनंद झाला. पाठीवर डांबर वाहणाऱ्या कुणालाही झाला असता.

जेवणं उरकली आणि वारा आला. पहिल्या झटक्यात गाद्या उठल्या आणि कठड्यावरून खाली गेल्या. केबलवाल्याचा खांब दोनदा हलला, मग मुळापासून वाकून सगळ्या डब्यांसकट आडवा झाला. साखळी माझ्या काठात रुतत होती, मी किंचाळत होते, पण जागची हलले नाही. आणि मला हसू येत होतं. खालून मोठा आवाज झाला तोवर येत होतं.

इस्त्रीवाल्याच्या टपरीचं छप्पर उडालं होतं. पत्रा उभा फिरला आणि त्याच्या उजव्या हातावर आला. हाड मोडलं. इस्त्रीतले निखारे लोकांच्या कपड्यांवर सांडले.

सगळ्यांत आधी तीच खाली धावली, अनवाणी. तिनेच आपल्या ओढणीने त्याचा हात बांधला, तिनेच त्याला दवाखान्यात नेलं. लोक म्हणाले, "बघा, कशी का असेना, माणुसकी आहे." तिने ते ऐकलं आणि तिला ते सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीवर गेली. तिथे काय झालं ते तिने संध्याकाळी गच्चीत, माझ्या स्टँडला टेकून, नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितलं.

ती त्याला म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"वादळ येणार ते. आदल्या दिवशीच कळलं होतं."

तो अंथरुणात उठून बसला. "आणि बोलला नाहीत?"

"त्यांना सांगायचं नव्हतं मला."

"मी त्यांच्यात कधी होतो, वहिनी?"

"नव्हता. पण तुम्ही माझ्या ध्यानातच आला नाहीत."

त्यावर तो म्हणाला, "या आता." आणि भिंतीकडे तोंड फिरवून झोपला.

हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मला मात्र राग आला. वाटलं, सांगायला गेलीसच कशाला? गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि कळलंच. इस्त्रीवाल्याने मुद्दाम नाही सांगितलं. कुणी हाताचं विचारायला आलं, त्याच्या तोंडून निघालं. एका दिवसात इमारतभर एकच वाक्य. "हिला माहीत होतं!" कालपर्यंत जे म्हणत होते की पलीकडच्या बातम्या सगळ्या खोट्या, तेच आज म्हणत होते की तिकडची बातमी इतकी खरी होती आणि हिने लपवली.

रविवारी सकाळी ते गच्चीवर चढले. सेक्रेटरी पुढे, त्यांच्यामागे केबलवाला हातात पाना घेऊन, आणि मागे इमारतीतले झाडून सगळे. ती माझ्या पोटाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा," सेक्रेटरी म्हणाले.

"हात लावून दाखवा."

"एवढं करून वर तोंड करून बोलते!" केबलवाला ओरडला. "आमचं सगळं उडालं, ते तुझ्यामुळे."

"वारा मी आणला? मी फक्त बोलले नाही. तुम्ही माझ्या छत्रीत कचरा टाकलात, माझं काम तोडलंत, मला हेर ठरवलंत. तुमच्या गाद्या गेल्या त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. एका माणसाची मी गुन्हेगार आहे. त्याला तोंड दाखवलंय. तुम्हाला काय दाखवू?"

"त्यालाच विचारू या!" कुणीतरी म्हणालं. इस्त्रीवाला गळ्यात हात अडकवून जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याला लोकांनी पुढे ढकललं. "सांग, हिच्यामुळे मोडला ना हात?"

"हिने सांगितलं असतं तर नसता मोडला," तो म्हणाला. "पण सेक्रेटरीसाहेब, छपराचे खिळे निघालेत म्हणून मी तुमच्याकडे किती खेटे घातले? हिच्यावर राग आहे माझा. तुमच्यावरही आहे. आता मला धक्के देऊ नका, हात दुखतो."

मग केबलवाला पाना घेऊन माझ्या स्टँडशी वाकला. पण बोल्ट डाग मारून पक्के केलेले, फिरणार कसे? मग त्याने खाली पडलेला आपल्याच खांबाचा तुकडा उचलला आणि माझ्या काठावर घातला. एकदा, दोनदा. एक काडी मोडली, टोपडं लोंबकळलं. वेल्डरची बायको त्याच्या मनगटाला लटकली होती. तेवढ्यात कुणीतरी बोलावल्यामुळे वेल्डर धापा टाकत वर आला. हातात कापायचं मशीन.

"बाजूला व्हा सगळे," तो म्हणाला. "मी बसवली, मीच काढतो."

मला वाटलं, हा आता केबलवाल्याचा खांब कापेल, निदान त्यांना घाबरवेल. त्याने मशीन चालू केलं आणि माझे पाय कापले. ठिणग्या उडाल्या, लोक मागे सरले. कापताना तो तिच्याकडे बघत नव्हता. लोक म्हणतील, त्याने पुढची मारामारी टाळली. टाळली असेल. मी त्याला माफ केलेलं नाही.

तो मला हातगाडीवर घालून आपल्या दुकानात घेऊन आला. घरी ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. संध्याकाळी सातला मुंग्यांसमोर बसायची म्हणे. हे मला कळलं कारण तो वेल्डिंग करता करता शेजारच्या लेथवाल्याला सांगत होता; आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढं बोलत होता.

मग एका दुपारी ती स्वतःच दुकानात आली. मागचं दार उघडं होतं, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. बातम्यांच्या शेवटी दाखवायचे तो चॅनलचा नंबर तिला पाठ होता. इतकी वर्षं पाठ होता आणि तिने तो कधी फिरवला नव्हता, कारण बघायला मिळत होतं. आता तेही नव्हतं.

"हवामानवाल्या बाईंना द्या," ती तिच्या भाषेत म्हणाली. ती भाषा मला येते. माझ्यातूनच तर ती इतकी वर्षं गेली. पलीकडून कुणी काय काय विचारत होतं. ती एकच सांगत होती, "घरचं माणूस आहे."

बराच वेळ गेला. मग तिची पाठ ताठ झाली.

"मी," ती म्हणाली. "मी बोलतेय."

पलीकडून आवाज एकदम इतका मोठा आला की मला दुकानामागे ऐकू आला. "ठेव फोन!"

"तू ठेव!"

कुणीच ठेवला नाही. धाकटी बोलत सुटली. बाबा गेले, तू आली नाहीस. आई तुझं नाव घेत गेली, तू आली नाहीस. मला मुलगा झाला, तू कुठे होतीस? ही म्हणाली, मला कुणी कळवलं? मेले म्हणून सांगितलं होतं ना? मेलेली माणसं कशी येतात? आणि मी तुला रोज बघत होते, रोज! त्यावर धाकटी किंचाळली, "तू मला बघत होतीस! मी कुणाकडे बघायचं होतं?"

ही एकदम म्हणाली, "ते केस परत वाढव. कापलेले बरे नाही दिसत." आणि दोघी पुन्हा भांडू लागल्या, आता केसांवरून.

बाहेर वेल्डरने मशीन बंद केलं होतं. लोखंडी खिडकी न्यायला आलेलं गिऱ्हाईक वैतागलं. "अहो, अजून दोन डाग राहिलेत. थांबलात का?"

"जरा थांबा," तो म्हणाला. "बायको बहिणीशी भांडतेय. तिला नीट ऐकू येऊ द्या."

आता आठवड्यातून एकदा ती त्या फोनवर येते. नवऱ्याशीही बोलू लागलीय, निदान ओरडते तरी. दोघं या दुकानामागेच एक खोली बांधतायत. माझी जागा त्या खोलीला हवी आहे, म्हणून भंगारवाल्याला सांगितलंय. निरोप द्यायला माझ्यापाशी कुणी आलं नाही. ती परवा माझ्यावर ओलं फडकं वाळत टाकून गेली, तेवढंच.

असो. मला चिरा, वितळवा, हवं ते करा. बादली करा, फावडं करा, एखाद्या टपरीचं नीट ठोकलेलं छप्पर करा. फक्त त्या इमारतीचं फाटक करू नका. केलंत, तर आताच सांगून ठेवते, कितीही तेल घाला, मी करकरणार. सेक्रेटरी आत जाताना आणि सेक्रेटरी बाहेर येताना.